खांबावर न पडलेली वीज

तो वैशाखातला दिवस मी अजून विसरलेलो नाही. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, आटपाडीच्या अंगाला, एका पोलीस ठाण्याचा प्रभारी म्हणून मी तेव्हा काम पाहत होतो. मी मूळचा वाईकडचा. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या माणसाची त्या उघड्याबोडक्या माळावर बदली झाली तेव्हा मी नाक मुरडलं होतं, हे कबूल करतो. पण साऱ्या नोकरीत ज्या कामाचा मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो, ते काम त्याच माळावर झालं. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं आजही त्याच वाटेवरून रोज ये-जा करतात.

दुपारी चारच्या सुमारास वळीव आला. अर्धा तास नुसता धिंगाणा. विजा कडाडत होत्या, गारा पडल्या, ठाण्याची वीज गेली. पाऊस थांबला आणि पाच वाजून दहा मिनिटांनी ठाण्याचा फोन वाजला. आमचे ठाणे अंमलदार म्हणजे जुने हवालदार. दारात कुत्रं शिंकलं तरी स्टेशन डायरीत नोंद करतील असे. ते माझ्याकडे आले.

"साहेब, माळावरच्या सुभेदाराच्या खांबावर वीज पडली, त्यात एक मेंढपाळ गेला, असं म्हणतोय."

"कोण म्हणतोय?"

"नाव इचारलं तर फोन ठेवला. नंबर लिहून ठेवलाय, टायमासकट."

पंधरा मिनिटांनी गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. तीच खबर. "मला आत्ताच कळलं साहेब, तुमच्या आधी मला कळायला पायजे हुतं," असं ते जरा ओशाळून म्हणाले. त्यांच्या त्या वाक्याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही.

सुभेदाराचा खांब साऱ्या तालुक्याला ठाऊक होता. सुभेदार सातारा जिल्ह्यातले, नदीकाठच्या ऊसवाल्या घरातले. फौजेत वर्कशॉपमध्ये नोकरी केली, निवृत्तीनंतर काही वर्षं शिरवळच्या एका कारखान्यात विजेची देखभाल पाहिली. मग बायकोच्या वाटणीला आलेल्या या माळावर येऊन राहिले, ते एका वेडापायी. आभाळातली वीज पकडायची आणि साठवायची. गावच्या पाणीयोजनेचा पंप तिच्यावर चालवायचा. त्यासाठी माळाच्या सर्वांत उंच जागी त्यांनी लोखंडी खांब उभारला होता. चांगला तीन मजली इमारतीएवढा. खाली तांब्याची जाड पट्टी, खोल खड्ड्यात पुरलेली जमिनीची जोडणी आणि शेजारी यंत्रांची पत्र्याची खोली. राहतं घर लांब, माळाच्या उताराला. लोक त्यांना मागून 'वीजवाले' म्हणायचे आणि हसायचे.

मी पोचलो तेव्हा कुणी हसत नव्हतं. शंभर-सव्वाशे माणूस जमलेलं. पत्र्याच्या खोलीवर दगड पडायला सुरुवात झाली होती. खांबाच्या पायथ्याशी मेंढपाळ उताणा पडलेला. वय पंचावन्न-छप्पन. अंगात बाराबंदी, गुडघ्यापर्यंत धोतर, पटका बाजूला. आणि त्याच्या उशाशी एका दगडावर सुभेदार बसलेले, ताठ, हात मांडीवर. त्यांची बायको त्यांच्या आणि जमावाच्या मध्ये उभी होती. हातात काही नव्हतं, पण तिला ओलांडून पुढं जायची कुणाची छाती होत नव्हती.

"साहेब, ह्येनं वीज वडून माणूस मारला!" एक जण ओरडला. "खुनाची केस घ्या!"

"किती येळा सांगितलं, त्यो खांब पाडा म्हणून!" दुसरा.

सुभेदार उठले. मला सलाम केला, फौजेतला, कडक.

"साहेब, माझ्या खांबावर आज वीज पडलेली न्हाई."

जमावातून शिव्या आल्या. मलाही तेव्हा ते एका घाबरलेल्या माणसाचं बोलणं वाटलं. पण ते घाबरलेले दिसत नव्हते. पुढं म्हणाले, "आधी एक करा. पंचांसमोर त्या पेटीवरला आकडा लिहून घ्या. मग मला न्या, कुठं न्यायचं तिथं."

खांबावरून खाली येणाऱ्या तांब्याच्या पट्टीवर तळहाताएवढी एक पेटी बसवलेली होती. तिला छोटी काच, काचेमागे आकडा. सात. मला त्यातलं काही कळत नव्हतं. तरीही पंचनाम्यात लिहून घेतलं. माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं, की पंचनाम्यात जे कळतं ते लिहावं आणि जे कळत नाही ते आवर्जून लिहावं.

मग मयताकडे वळलो. दोन गोष्टी मला खटकल्या. एक, मी त्याचा हात उचलून पाहिला तर कोपरात वाकेना. अंग पूर्ण ताठलेलं होतं. वीज चारनंतर कडाडली आणि आता सहा वाजत होते. उन्हाळ्यात अंग लवकर ताठतं, पण इतकं लवकर नाही. दुसरी गोष्ट बरोबरच्या महिला पोलीस शिपायाच्या लक्षात आली. जिल्ह्याच्याच पूर्व भागातली पोरगी, नोकरीला दोन वर्षंही झाली नव्हती. ती हळूच म्हणाली, "सर, बाराबंदी वरनं कोरडी हाय. पाठीकडनं ओली हाय."

पावसात पडलेला माणूस वरून चिंब असतो. हा माणूस पाऊस थांबल्यावर ओल्या जमिनीवर आला होता.

मी जमावासमोर यातलं काही बोललो नाही. सुभेदारांना गाडीत बसायला सांगितलं. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं अटक झाली. सुभेदारीणबाईंनाही तेच वाटलं. त्या गाडीच्या खिडकीपाशी आल्या आणि मला म्हणाल्या, "आवं साहेब, ह्या माणसानं आणि त्या मयतानं चार वर्सं एका किटलीतला च्या पिलाय. एवढं ध्यानात ठेवा." मी मान हलवली. त्या माळावर त्या रात्री सुभेदार राहिले असते तर दुसरा पंचनामा करायची वेळ आली असती, हे त्यांना सांगायला सवड नव्हती. खोलीवर दोन शिपाई ठेवून मी निघालो.

ठाण्यात आल्यावर त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. पुढचा तास मी पोलीस कमी आणि विद्यार्थी जास्त होतो.

"सुभेदार, आभाळातली वीज खरंच साठवता येते?"

"पहिल्या वर्षी वाटलं हुतं, येती," ते म्हणाले. "मोठमोठे कपॅसिटर आणले, बॅटऱ्या आणल्या. पहिलीच वीज पडली आणि सगळं एका दणक्यात फुटलं. पत्रा फाटला. मी तिथं नव्हतो म्हणून आज तुमच्या म्होरं बसलोय. साहेब, ओंजळभर पाणी प्यायला हात धरावा आणि धरणच अंगावर यावं, तसं हाय ते. डोळ्याचं पातं लवायच्या आत खेळ खल्लास."

"पण ताकद तर पुष्कळ असेल?"

"दिसाया पुष्कळ. हिशोब केला तर एका घराला काही महिने पुरंल, एवढीच. त्यातली बरीचशी तर हवेतच जाती. उजेड, आवाज, उष्णता. खांबापात्तूर जे येतं ते थोडं. आणि ती येणार कवा, तर तिच्या मर्जीनं. वरसातनं एक-दोनदा. पंप काय चालवता त्याच्यावर?" ते हसले. "गावाला वाटतं मला अजून कळलेलं न्हाई. मला कवाच कळलंय."

"मग खांब का ठेवला?"

त्यांनी कप खाली ठेवला. "साठवता येत न्हाई म्हणून मोजायचं बी सोडावं का? कवा आली, किती लांब पडली, खांबावर किती येळा आली, सगळं लिहितो. पुढं कुणी शिकलेला येईल, त्याला उपयोगी पडंल."

ती पेटी वीज मोजायची होती. उंच चिमण्यांवर वीजरोधक बसवतात, त्याच्या पट्टीवर असलं यंत्र असतं. पट्टीतून विजेचा फटका खाली गेला, की आकडा एकनं पुढं सरकतो. शिरवळकडची एक जुनी चिमणी पाडली तेव्हा सुभेदारांनी ते भंगारवाल्याकडून घेतलं होतं. आणि त्यांच्या घरी एक रजिस्टर होतं. ते मी त्याच रात्री पंचांसमक्ष जप्त करून आणवलं. असलं नेटकं रजिस्टर मी पोलीस खात्यातही क्वचितच पाहिलं. तारीख, वेळ, वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद, दिशा, पेटीवरचा आकडा. शेवटच्या रकान्यात साक्षीदाराची सही. फौजेची सवय. एकट्यानं घेतलेलं रीडिंग त्यांना मान्य नव्हतं.

साक्षीदार असलेली शेवटची नोंद आदल्या संध्याकाळची होती. आकडा सात. साक्षीदार म्हणून एक अंगठा.

"हा कुणाचा?"

"त्याचाच. मेंढपाळाचा." सुभेदारांनी त्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "वाचता येत नव्हतं त्याला, पण आकडं वळखायचा. रोज सांजच्याला येताना म्हणायचा, चला सुभेदार, पाटी बगू. तुमी अंगठा उठवून घेता, पर बँकेवानी फशीवत न्हाई."

आदल्या संध्याकाळी सात. वादळानंतर पंचांसमोर सात. म्हणजे मधल्या काळात त्या खांबावर वीज पडली नव्हती. पेटी चालू असली तर, तिनं आणि मयताच्या स्वतःच्या अंगठ्यानं माझ्यासमोर हे मांडलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. "मृत्यू विजेच्या धक्क्यानंच आहे. पण आभाळातल्या नाही. उजव्या नडगीवर आडवी, सरळ, बारीक रेघ भाजलेली आहे. तारेची. अंगावरचे केस जळलेले नाहीत, कपडे फाटलेले नाहीत. आणि मृत्यू काल सकाळचा आहे." कातडीचा तुकडा त्यांनी रासायनिक तपासणीला पाठवला.

आता प्रश्न साधा झाला. सकाळी हा माणूस कुठं होता?

इथं मला माझी चूक सांगितली पाहिजे. मी पंचांना विचारलं, पोलीस पाटलांना विचारलं, सुभेदारांना विचारलं. मयताच्या बायकोकडे मात्र तिला दुःखात त्रास नको म्हणून गेलो नाही. आपल्याकडे या सभ्यतेपायी तपासाचे किती दिवस वाया जातात, याला हिशोब नाही. आमची महिला शिपाई न विचारता तिच्याकडे गेली. तिच्याजवळ बसली, मेंढरांना पाणी पाजायला मदत केली. ती स्वतः मेंढरंवाल्या घरातली होती. मग सहज म्हणाली, "मावशी, मेंढरं कवा परत आली?"

"न्याहारीच्या टायमाला," मावशी म्हणाल्या. "एकलीच. माणूस मागं न्हाई. म्या वाट बघितली, मग हुडकाया गेली. सांजंला म्हणत्यात वीज पडली. आगं, वीज पडली दुपारच्याला आन् मेंढरं सकाळच्याला कशी मोकळी आली?"

"हे कुणाला सांगितलं न्हाई का?"

"मला कुणी इचारलंच न्हाई, बाय."

ती शिपाई ठाण्यात येऊन हे सांगत होती तेव्हा आमचे ठाणे अंमलदार लिहायचं थांबवून तिच्याकडे बघत होते. मी त्यांना तसं करताना त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

मेंढरांची रोजची वाट मावशींनीच दाखवली. आम्ही ती पायी तुडवली. ओढा ओलांडला की एका बड्या बागाईतदाराचं रान लागत होतं. वर डाळिंबाची बाग, खाली हिरवा मका. बांधाला लागूनच पायवाट. बांधावर दर चार-पाच पावलांवर जमिनीत ताजी भोकं होती. खुंट्या उपटल्याची. एका भोकापाशी सायकलच्या ट्यूबचा कापलेला तुकडा पडलेला. गावाकडच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. रानडुकरं मक्यात घुसू नयेत म्हणून लाकडी खुंट्यांवर रबर गुंडाळून उघडी तार ओढायची आणि शेतीपंपाच्या लाइनच्या खांबावर लोखंडी आकडा टाकून तिच्यात वीज सोडायची. गुन्हा आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी करतात. लाइनमनला खांबावर चढवलं. तारेवर आकड्याच्या घासल्याच्या खुणा मिळाल्या. त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्री सुरू होऊन सकाळी आठला जात होती. दुपारी चारला त्या रानात वीज नव्हतीच.

बागाईतदाराला ठाण्यात बोलावलं. पांढरे कपडे, शांत चेहरा, येताना सोबत दोन वजनदार माणसं. तो बसायच्या आधीच माझा मोबाइल वाजला. पलीकडून एका मोठ्या माणसानं मला समजावलं. "साहेब, वीज पडून मेला म्हणून नोंदवा. नैसर्गिक आपत्तीची मदत त्या बाईला सरकारकडनं मिळंल. उगं कोर्टात फिरवून तिचं काय भलं करणार?"

खोटं कसं बोलावं, हे ज्याला कळतं तो खोट्याला नेहमी दुसऱ्याच्या भल्याचा सदरा घालतो. मी फोन ठेवला आणि माझ्या पोलीस अधीक्षकांना फोन करून हे जसंच्या तसं कळवलं. ते एवढंच म्हणाले, "तपास तुमचा आहे. करा." असे वरिष्ठ मिळणं हे नशीब असतं.

तरी मावशींना मी हे विचारलं. त्यांचा तो हक्क होता. म्हटलं, वीज पडली असं लिहिलं तर मदत लवकर मिळेल, खरं लिहिलं तर कोर्टाची वाट पाहावी लागेल.

"दादा, माझ्या माणसानं सारा जन्म आभाळाखाली काढला. आभाळाला कवा नाव ठेवलं न्हाई. त्याच्यावर खोटा आळ कशापायी घेऊ?"

बागाईतदार कबूल होईना. कुंपण कधीच लावलं नव्हतं, भोकं दावणीच्या खुंट्यांची आहेत, असं तो ठामपणे सांगत राहिला. त्याला मी परत पाठवलं. मग त्या वाटेवरच्या सगळ्या रानांतल्या गड्यांना जबाबासाठी बोलावलं, म्हणजे एकट्यावर बोट नको. बागाईतदाराचा गडी चाळिशीचा, उंचापुरा, हाताची बोटं सारखी धोतरावर पुसणारा. त्यानं आल्या आल्या पाणी मागितलं. पुन्हा मागितलं. अनुभवानं सांगतो, ज्यानं स्वतःसाठी गुन्हा केला त्याला भूक लागते. ज्याच्याकडून करवून घेतला गेला त्याला तहान लागते.

मी त्याच्यावर ओरडलो नाही. काठी तर माझ्या टेबलावर कधी नसायची.

"तुमच्या रानात मेंढरं बसवत होता का?"

"व्हय साहेब. दरसाल. खताला."

"कुणाची?"

"त्याचीच... मयताची."

"जेवायला एकत्र बसत असाल."

"व्हय. त्याच्या घरची भाकरी म्या लय येळा खाल्लीया."

मी कागद बाजूला सारला. "मग त्याला उचलताना पाय कुणी धरले?"

त्यानं मान खाली घातली, हात पुसायचे थांबले.

"पाय म्या धरलं. डोसक्याकडनं मालक हुतं."

त्यानंतर त्याला थांबवता येईना. रोज उजाडायच्या आत तो आकडा काढायचा. पण आदल्या पहाटे डुकरं उशिरा आली होती, म्हणून मालक म्हणाला, वीज जाईपर्यंत तार राहू दे. "म्या म्हणलं, मालक, वाट लागूनच हाय, माणसं येत्यात. तर म्हणलं, माणसांनी बांधाला घासून चालावंच कशाला?" सकाळी एक कोकरू बांधाकडं गेलं. मेंढपाळ त्याला वळवायला धावला. गडी मक्यात होता. त्यानं आवाज ऐकला, आकडा ओढला, पण सगळं संपलं होतं. मालकानं प्रेत ताडपत्रीत गुंडाळून मक्यात लपवायला लावलं. दुपारी वादळ आलं आणि मालकाला वाट दिसली. माळावर माणूस नव्हतं. पाऊस थांबताच दोघांनी खडकावरून, पावलं उमटणार नाहीत अशा अंगानं, प्रेत खांबापाशी नेऊन ठेवलं. गाव ज्याला हसतं त्याच्यावर संशय घ्यायला गावाला पुरावा लागत नाही, हे मालकाला बरोबर ठाऊक होतं.

तार आणि खुंट्या विहिरीत टाकल्या होत्या. गड्यानं जागा दाखवली, पंचांसमोर गळ टाकून त्या बाहेर काढल्या. आता मला पोलीस पाटलांचं ते वाक्य आठवलं. त्यांच्याआधी ठाण्याला खबर देणारा कोण? ठाणे अंमलदारांनी लिहून ठेवलेला नंबर बागाईतदाराच्या मेहुण्याचा निघाला. वीज कुठं पडली हे गावाच्या आधी त्याला कळलं होतं, कारण त्याला सांगितलं गेलं होतं.

सदोष मनुष्यवध, पुरावा नष्ट करणं आणि वीजचोरी, अशी कलमं लावून बागाईतदाराला अटक केली. त्या मोठ्या माणसाचा पुन्हा फोन आला नाही. सांगलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी सुभेदारांची पेटी तपासली. आमच्यासमोर तिच्यातून कृत्रिम फटका सोडला. आकडा सातचा आठ झाला. पेटी चालू होती. पुण्याच्या हवामान संस्थेकडून विजांच्या नोंदी मागवल्या, त्यांतही त्या दुपारी माळाच्या आसपास वीज पडल्याचं नव्हतं. सुभेदारांच्या रजिस्टरात साक्षीदाराचा रकाना रिकामा असलेली त्या दुपारची नोंदसुद्धा होती. चमक आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजून त्यांनी लिहिलं होतं, सर्वांत जवळची वीजही दोन कोसांपलीकडे. मित्र खांबाखाली सापडण्याच्या तासभर आधी ते लांब आपल्या घरात बसून हेच लिहीत होते.

दोषारोपपत्र मी स्वतः बसून तयार केलं. खटला उभा राहायला वेळ लागला, तोवर माझी बदली साताऱ्याला झाली होती. साक्षीच्या दिवशी मी मुद्दाम रजा घेऊन गेलो. सुभेदार पदकं लावून आले होते. आरोपीचे वकील मोठे नावाजलेले. त्यांना पेटी आणि रजिस्टर उडवून लावायचं होतं. ते हसत हसत पुढं आले.

"सुभेदार, तुम्ही आभाळातली वीज पकडायला निघाला होता, हे खरं?"

"खरं."

"पकडली का?"

"न्हाई साहेब."

"म्हणजे इतकी वर्षं तुमचा प्रयोग फसला."

"फसला."

"मग ज्या माणसाचा प्रयोग फसला, त्याच्या वहीवर या न्यायालयानं विश्वास का ठेवावा?"

सुभेदारांनी टेबलावरच्या रजिस्टरकडे बोट केलं. "साहेब, फसलं हेसुद्धा त्याच वहीत लिवलंय. पहिल्या पानापास्नं. खोटंच लिवायचं असतं, तर आधी ते लिवलं नसतं."

न्यायाधीशांनी मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं. वकील आपल्या जागेवर जाऊन बसले. मी मागच्या बाकावर होतो आणि मला उठून उभं राहावंसं वाटलं होतं.

बागाईतदाराला शिक्षा झाली. गडी माफीचा साक्षीदार झाला होता. मावशींना भरपाई देण्याचा आदेश झाला. सुभेदारांचा खांब अजून आहे. त्याला आता कुणी दगड मारत नाही. वळीव आला की गावच्या शाळेचे शिक्षक पोरांना घेऊन त्यांच्याकडे येतात, लांब घरात बसून चमक आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजायला शिकतात. विजेवर पंप चालला नाही, चालणारही नाही. पण आभाळ गडगडलं की झाडाखाली थांबू नये आणि उघड्या माळावर उभं राहू नये, हे त्या गावातल्या लहान पोरालाही आता कळतं.

लोक मला विचारतात, या प्रकरणानं काय शिकवलं. पोलीस नोकरीत आपण बहुतेक वेळा गुन्हेगाराची बुद्धी मोजत असतो. त्या वेळी मला प्रामाणिक माणसांची ताकद कळली. एक हवालदार, ज्याला सगळे चेष्टेनं 'डायरी' म्हणायचे. एक शिपाई पोरगी, जिनं मला सुचलं नाही ते विचारलं. एक मेंढपाळ, ज्यानं वाचता येत नसताना रोज आकडा नीट पाहून अंगठा उठवला. आणि एक फौजी, ज्यानं आपलं अपयशसुद्धा तारीखवार लिहून ठेवलं. यांतलं कुणीही मोठं माणूस नव्हतं. पण प्रत्येकानं आपलं काम कुणी बघत नसताना चोख केलं होतं, आणि पैसा, वजन, फोन, वकील, या सगळ्यांना ते पुरून उरलं. नवीन भरती झालेल्या पोरांना मी सांगायचो, तुमच्याकडे येणारा माणूस वेडा वाटला तर आधी त्याची वही बघा.

निकालानंतर काही दिवसांनी मावशी साताऱ्याला माझ्या कार्यालयात आल्या. दोन एसट्या बदलून. मला वाटलं मला भेटायला आल्या. त्यांनी मला हात जोडले आणि विचारलं, "ती पोरगी कुठं हाय?" ती शिपाई तोवर सांगलीच्या मुख्यालयात गेली होती. मी फोन लावून दिला, तर म्हणाल्या, फोनवर नगं. तिथून तशाच सांगलीला गेल्या. तिथल्या पहाऱ्यावरच्या माणसानं मला नंतर सांगितलं. संध्याकाळची हजेरी चालू होती, सगळे रांगेत उभे. म्हातारी सरळ रांगेपाशी गेली, पिशवीतून स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं नवं काळं घोंगडं काढलं आणि त्या पोरीच्या खांद्यावर, वर्दीवर, पांघरलं. राखीव निरीक्षकांनी हजेरी थांबवली नाही, पण आवाज खाली आणला.

त्या पोरीला पुढं खात्यातर्फे प्रशस्तिपत्र मिळालं. त्यासाठीची शिफारस माझ्या सहीची होती. ती आज उपनिरीक्षक आहे. प्रशस्तिपत्र कुठं ठेवलंय, असं मी तिला एकदा विचारलं, तर तिला आठवेना. घोंगडं मात्र प्रत्येक बदलीला तिच्या सोबत जातं.